पाप्पच्चनचा शेवटचा मुका

विश्वास ठेवायचा तर ठेवा. सोजन आजही केरळातल्या पाल्यात राहतो. एक माणूस सोडून कोणीही विचारलं तर तोही हेच सांगेल, आणि एक शब्दही इकडचा तिकडे करणार नाही.

गेल्या नोव्हेंबरातला गुरुवार. दुपारचे तीन. रबराच्या मळ्यांमधलं एक छोटं चर्च.

शवपेटीत पाप्पच्चन होता. चाळीस वर्षं त्याने या चर्चची घंटा वाजवली, मेणबत्त्या लावल्या, फरशी धुतली. त्याची एकुलती एक मुलगी शैबी कुवेतला नर्स. तिला रजा मिळाली नव्हती. सोजन आवाज सांभाळणार, त्याचा जोडीदार रेजी कॅमेरा, आणि ती तिकडे बसून लाइव्ह बघणार. बाप तिला दिसणार होता तो एवढाच.

सोजनने कानांवर हेडफोन चढवला.

आणि...

घूंऽऽऽ...

रविवारी सणाच्या प्रार्थनेलाही हीच घरघर आली होती. चर्चच्या ॲम्प्लिफायरचं अर्थिंग एकीकडे, कॅमेऱ्याचं दुसरीकडे. दोन्ही वायरने जोडले की असं होतंच. मध्ये एक छोटी डबी लावली की काम भागतं. पण डबी गाडीत होती, आणि गाडी पार खाली रस्त्यावर. सोजनने आळस केला. ॲम्प्लिफायरच्या प्लगमधली अर्थिंगची वायरच काढून टाकली. आवाज एकदम साफ झाला.

शॉकपासून वाचवणारी ती वायर परत जोडायची राहून गेली.

मंगळवारी सकाळी पाप्पच्चन ओल्या फरशीवर अनवाणी उभा राहिला, आणि त्याने माइक धरला.

लोक म्हणाले, हार्ट ॲटॅक. वयही झालं होतं.

खरं काय ते एकट्या सोजनला माहीत होतं. आज सगळ्यांच्या आधी येऊन त्याने ती वायर गुपचूप जोडून टाकली. त्याला रडू आलं नाही. भीतीही वाटली नाही. काहीच वाटत नव्हतं.

आज त्याने सगळं रीतसर केलं होतं. डबी लावली होती. कॅमेरा बॅटरीवर होता. तरीही...

घूंऽऽऽ...

"रेजी, घरघर ऐकू येतेय का रे?"

रेजीने हेडफोन लावून बघितला. "कसली? फादरचं नाक तेवढं वाजतंय. कान धुऊन ये जा."

सोजनने चर्चकडून येणारी वायरच उपटली. प्रार्थना बंद झाली...

घरघर चालूच राहिली.

त्याने घाईने वायर परत खोचली. तेवढ्यात फोन आला. शैबीचा. तिकडे दादाला चेट्टा म्हणतात, बापाला चाच्चन.

"चेट्टा, मध्येच आवाज गेला होता. आता येतोय. अगदी स्वच्छ." मग म्हणाली, "एक काम कराल? तिथे माझ्या रक्ताचं कोणी नाही. पेटी बंद करायच्या आधी माझ्या वतीने चाच्चनचा मुका घ्याल?"

"मी? अगं, मी बाहेरचा माणूस."

"बाहेरचे कसले. रविवारी फोनवर चाच्चन तुमचंच कौतुक करत होते. सोजनने आवाज किती साफ केला म्हणे."

सोजनने हेडफोन रेजीच्या हातात दिला आणि तो शेवटच्या मुक्याच्या रांगेत उभा राहिला.

हेडफोन कानांवर नव्हता. घरघर होती. एकेका पावलाने वाढत होती.

तो वाकला. थंड कपाळाला ओठ टेकवले...

ओठांना बारीक मुंग्या आल्या.

या मुंग्या या धंद्यातल्या प्रत्येकाला ओळखीच्या असतात. अर्थिंग नसलेल्या माइकला ओठ लागले की येतात, त्याच.

घरघर थांबली. पेटीवर झाकण बसलं.

संध्याकाळी शैबीने पुन्हा फोन केला. रडून रडून तिचा आवाज बसला होता.

"चेट्टा, चाच्चनच्या तळहातावर काळा डाग दिसला. कसला होता तो?"

आता सांगितलं नाही तर कधीच सांगता येणार नाही, हे सोजनला कळत होतं.

"मेणबत्तीचा चटका असेल," तो म्हणाला.

त्या क्षणी ओठांतल्या मुंग्या गेल्या. त्यांच्याबरोबर सगळंच गेलं. आता गरम चहाही ओठांना जाणवत नाही. दाढी करताना ओठ कापला तरी रक्त दिसल्यावरच कळतं. तीन डॉक्टर झाले, कोणाला काही सापडलं नाही.

शैबी अजून दर रविवारी फोन करते. बापाच्या जागी आता तुम्हीच, असं म्हणते.

तिच्याशी बोलताना सोजन आरशासमोर उभा राहतो. बोलणारं तोंड आपलंच आहे ना, हे त्याला बघून घ्यावं लागतं.