बुधाचा कामठा

सातपूरच्या एका कारखान्यात लेथ चालवणारा वाळू त्या रविवारी राजदूत मोटारसायकल घेऊन पेठच्या पलीकडल्या आपल्या पाड्यावर आला, तो आईचा निरोप आला म्हणून. त्याचा बाप बुधा जाऊन महिना लोटला होता. फाल्गुन लागलेला. अंगणात मोहाची फुलं पडली होती, त्यांचा आंबूस-गोड वास सुटला होता. त्याची आई नवसाबाई फुलं वेचत होती. वर न बघताच ती म्हणाली, "तुज्या बापाचा कामठा तेवढा घेऊन जा. घरात नको."

"का गं?"

"कुत्रं घरात येईना."

वाळू हसला. "बाबाचा लळा होता त्याला. म्हणून येत नसेल."

"मलाबी तसंच वाटलं. मग कामठा परसात नेऊन ठेवला. तर कुत्रं घरात आलं, अन् आता परसात जाईना."

एवढं बोलून ती पुन्हा वेचायला लागली. वाळूला कामठा हवाच होता. बुधा कधी शहरात राहायला आला नाही. निदान त्याचं धनुष्य तरी आपल्या खोलीच्या भिंतीवर राहील, असं त्याच्या मनात होतं. त्यानं दोरी उतरवली. दोरी उतरली की कामठा म्हणजे नुसती बांबूची कांब. ती त्यानं पोत्यात गुंडाळून गाडीच्या उजव्या अंगाला बांधली. तिचं टोक मागच्या लाल दिव्याच्याही बाहेर आलं होतं. तिरांच्या पात्यांना फडकं बांधलं, भाता आणि ससे धरायची वाघूर कॅरिअरवर आवळली, आणि जेवून दुपारी तो निघाला.

करंजाळीच्या अलीकडे शेरडांचा कळप रस्त्यात आडवा आला. वाळूनं हॉर्न दिला. शेरडं पांगली नाहीत. जिथं होती तिथंच थांबली, एकही ओरडलं नाही. सगळ्यांच्या नजरा वाळूच्या खांद्यावरून मागं लागलेल्या. राखणारी म्हातारी काठी हाणत होती.

"कधी अशी करत नाय रं," ती म्हणाली. मग तिनंही वाळूच्या मागं बघितलं आणि पदर तोंडावर धरला. "जा बाबा. तू जा आदी."

"काय झालं, मावशी?"

"जा म्हणते ना!"

कडेच्या फुफाट्यातून त्यानं गाडी काढली. आरशात बराच वेळ तो कळप तसाच उभा दिसत होता.

सावळघाट चढताना उजव्या अंगाला काहीतरी कर्रकन ताणल्यागत वाजलं. दोर सैल झाला असेल म्हणून वळणावर त्यानं गाडी थांबवली. पोतं तसंच होतं, गाठी तशाच होत्या. पण पोत्याखाली हाताला बाक लागला. त्यानं पोतं सोडलं.

कामठ्याला दोरी चढलेली होती.

गाडीच्या हादऱ्यानं गाठ सुटू शकते, हे वाळूला ठाऊक होतं. यंत्रावरच त्याचं आयुष्य चाललं होतं. पण हादऱ्यानं दोरी चढत नाही. ती चढवायला बुधासारख्या गड्यालाही गुडघा रोवून कांब वाकवावी लागायची. वाळूनं ती घाम फुटेपर्यंत जोर लावून उतरवली, दोन्ही टोकांपासून सोडवली, गुंडाळली आणि शर्टाच्या खिशात घालून वर बटण लावलं. घाटात वारा नव्हता. पाखरू बोलत नव्हतं.

गाडी पुढं निघाली आणि त्याच्या पाठीला ते जाणवायला लागलं.

खाज नव्हे, दुखणंही नव्हे. दोन खांद्यांच्या मधोमध एक जागा, जिच्याकडे कुणीतरी टक लावून बघतंय. तो डावीकडे झुकला, तर ती जागा त्याच्याबरोबर आली. पाठ ताठ केली, खाली घातली. ती तिथंच.

मागं बघायचं नाही, एवढं त्यानं ठरवलं.

वेग वाढवायला हवा होता. पण त्याचं मनगट वळेना. गाडी आपली हळूहळू, एका चालीनं चालली होती, एखादं जनावर बेसावध चरत जावं तशी.

त्यानं खिसा चाचपला. दोरी होती.

मागं टण्‌कन आवाज झाला.

वाळूनं डोळे मिटले.

काही झालं नाही. डोळे उघडले तेव्हा रस्ता समोर होता, समोरून एसटी येत होती, आणि मनगट वळत होतं.

शहरातल्या पेठ नाक्याची गर्दी लागली तसा त्याचा श्वास मोकळा झाला. खोलीवर त्याची बायको रूपाली वाटच बघत होती. तिनंच सामान उतरवलं. कांब सरळ होती, तीर सगळे भात्यात होते, फडकं जसंच्या तसं. वाळू मोरीवर गेला, तोंडावर पाणी मारलं, घामानं भिजलेला शर्ट काढला.

"अहो, आज ठणकतंय का?" रूपालीनं मागून विचारलं.

"काय?"

"पाठीचा व्रण. लाल झालाय बघा."

वाळूनं हात मागं नेला. खांद्यांच्या मधोमध बोटांना एक खळगा लागला. भरून आलेला, गुळगुळीत, फार जुना.

"हा कधीचा?" त्यानं विचारलं.

"अशी काय थट्टा करता? लग्नाच्या आधीपासूनचा आहे की. लहानपणी लागलं म्हणून तुम्हीच सांगितलं होतं." ती फळीकडे वळली. "कुणी मारलं, ते मात्र कधी सांगितलं नाही. बसा, तेल लावते. दर पावसाळ्यात लावतेच ना मी?"

तिनं फळीवरून एक हिरवी बाटली काढली. वाळूनं ती आजवर कधी पाहिली नव्हती. तेल तळाशी आलं होतं, आणि काचेवर तिच्या तेलकट बोटांच्या ठशांचे थरावर थर वाळले होते.