फणसाची फळी

"आत्या, शपथेवर सांगतो, ती फळी मी दिली नाही!"

"मग गाडीखाली काय समुद्राने सरकवली?"

"मी इथे नव्हतोच! आम्ही दोघं वर रस्त्यावर होतो, गाडी ओढणारा कोणी मिळतो का बघत."

माझा भाचा सलिल खोटं बोलत नाही; तेवढी अक्कल त्याला नाही. पण चौलहून निघताना त्याने माझ्या अवजारांच्या पेटीला हात घातला होता. मासे भाजायची शेगडी न्यायची होती ना! जॅक, चाकपाना, हवेचा पंप, पंक्चरच्या वाती मी भांडून वाचवल्या. जॅकखाली घालायची फणसाची फळी मात्र त्याने गुपचूप पडवीत ठेवून दिली. श्रीवर्धनच्या पुढे, सुरूच्या बनाखाली मागचं चाक पंक्चर होऊन बसलं, तेव्हा ते मला कळलं.

तिन्हीसांज झाली होती, भरती चढत होती. सुपारीच्या बागेतला माझा वाटा विकून मी ही घरगाडी घेतली. आता हेच माझं घर, आणि पाणी त्याच्या दाराशी येत होतं. जॅक लावावा तर गाडी जागची हलेना, जॅकच वाळूत रुते. सलिल आणि त्याची बायको आश्लेषा मदत शोधायला गेली. मी चाकापाशी आडवी पडून हातांनी वाळू उपसत राहिले. पलीकडच्या चाकाला फेस लागून चुळुक चुळुक वाजू लागला. सुरूंचा घोंगाट एकाएकी थांबला...

ठक. ठक.

पलीकडून कोणीतरी फळी आत सरकवली होती.

"आलास का रे?"

गाडीखालून दिसले ते दोन ओले पाय... आणि खोबरेल तेलाचा वास आला. मी जॅक चढवला. पाना मागायच्या आत पाना वाळूत ठेवलेला. ठक. ठक.

माझा नवरा हरी लोखंड कधी हातात देत नसे. हातोहात दिलं की भांडण होतं म्हणायचा. खाली ठेवायचा, दोनदा ठोकायचा. हातांचं ग्रीस खोबरेल तेलानेच काढायचा. त्याला जाऊन चार वर्षं झाली.

अंगावर सर्रकन काटा आला, आणि हसूही फुटलं. नव्या नवरीसारखी खुदखुदत मी चाक बदललं. वाकून पलीकडे मात्र पाहिलं नाही. घाबरट म्हणून मला आजवर कोणी हिणवलेलं नाही, तरी नाही पाहिलं.

गाडी रस्त्यावर आणली आणि हे भांडण पेटलं. फळीवर दसऱ्याला मी लावलेलं हळदकुंकू तसंच होतं. आश्लेषाने चौलला शेजारी राहणाऱ्या गोदूला फोन करून आमच्या पडवीत पाहायला लावलं.

"फळी न्हाय हाय," गोदू म्हणाली. "जागा तेवढी ओली हाय... नि रेतीचे पाय उठलेत. कोन आलंवतं वो?"

सलिलचा चेहरा पांढराफटक पडला. "आत्या, ती फळी इथेच टाका!"

"माझी फळी मी टाकू?"

"भुताची आहे ती!"

"जीभ आवर! शेगडी टाक तुझी."

"मी या फळीबरोबर गाडीत बसणार नाही," असं म्हणत त्याने पाना माझ्या हातात कोंबला.

ठक. ठक.

गाडीच्या आतून. मी पुढचं दार उघडलं. चालकाशेजारची सीट ओली होती, खाली वाळू सांडली होती, आणि पट्टा लावलेला होता.

मी पाना सलिलला परत दिला आणि म्हटलं, "हा खाली ठेव आणि मुकाट मागे बस, पुढे तुझे काका बसलेत."