चाळीसच्या आत

चुडाव्याचं रेल्वे गेट उघडलं आणि नेमकी तेव्हाच स्वरदाची छोटी लाल गाडी आचका देऊन बंद पडली. बॉनेटमधून वाफ निघू लागली. मागचा मोटारसायकलवाला उतरून खिडकीपाशी आला.

"मॅडम, गाडी हलवताव, का इथंच आरती करायची?"

"आरतीच करा… धूप तर पेटलाच आहे."

तो हसला. गालावर ऑइलचा ओरखडा, आणि हसणं मात्र लख्ख. जीवन त्याचं नाव. पूर्णेत त्याचं गॅरेज होतं. बॉनेट उघडून त्यानं विचारलं, "पाणी कधी टाकलं होतं ह्याच्यात?"

गाडी बाबांची होती. ते गेल्यापासून स्वरदानं फक्त पेट्रोल भरलं होतं.

"बाबा बघायचे," एवढंच ती म्हणाली. त्यानं बॉनेट लावलं. एका ट्रॅक्टरला दोरी बांधून गाडी गॅरेजला नेली.

इंजिन पार जाम झालं होतं. दुसरं बसवण्यावाचून इलाज नव्हता. कोणतं, ते ठरवायला ती शाळेतलं शिकवणं संपलं की गॅरेजात येऊ लागली. ठरवणं लांबत गेलं… आणि तिलाही घाई नव्हती. एकदा गाडी सुरू झाली, की इथं यायला कारण काय उरणार?

शेवटी जीवननं फरशीवर दोन इंजिनं मांडली.

"हे मोठ्या गाडीचं. लय ताकद. बसवायला खटाटोप हाय, पण मग परत गॅरेजचं तोंड बघायचं काम न्हाई."

"म्हणजे मी येऊच नये?"

त्याच्या हातातला पाना निसटला. "तसं न्हाई… आन् हे तुमच्याच गाडीसारखं. आतलं सगळं नवं टाकलंय. पण पहिले हजार किलोमीटर चाळीसच्या आत चालवावं लागंल."

त्यानं ते सुरू करून दाखवलं. बाबांच्या गाडीचा तोच आवाज — गल्लीच्या तोंडाशी ऐकू आला की आई चहाचं आधण ठेवायची. स्वरदानं क्षणभर मान वळवली.

"हेच बसवा."

"मग… इंजिन मुरेपर्यंत मिस्त्री सोबत बसतो. आमच्यात तशी पद्धतच हाय."

आतून त्याच्या आईचा, कमलबाईंचा आवाज आला, "आजवर कोणाशेजारी बसलास रे, जीवन्या?"

जीवन कानापर्यंत लाल झाला. स्वरदा मात्र खळखळून हसली. कितीतरी महिन्यांनी.

मग रविवारमागून रविवार गेले. उसाचे ट्रॅक्टरसुद्धा त्यांना मागं टाकून जात. ती गिअर बदलायची, तो इंजिनाकडे कान लावायचा— निदान दाखवायचा तरी तसं.

येलदरीचं धरण पाहून परतताना मात्र तो डॅशबोर्डाकडे वाकून कान लावून बसला होता.

"काय ऐकायलाव एवढं?" तिनं त्याच्याच बोलीत चिडवलं.

"इंजिन मुरलं, मॅडम. हजार पुरे व्हायले." तो खिडकीबाहेर बघत राहिला. "आता मी सोबत बसायची गरज न्हाई… पण मला बसायचंय. कायमचं."

स्वरदाच्या ओठांवर हसू आलं. ते तिनं लपवलं नाही.

"आज संध्याकाळी घरी या. आईला सांगायला हवं."

"आजच?"

"आजच," ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच गाडी साठवर नेली.