हीटरचा पहिला घास

पोंभुर्ण्याहून जंगलाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं घर शेवटचं. कुंपणाला लागूनच सागवान सुरू होतं. घरात मी आणि माझा मुलगा प्रफुल, दोघंच. नागपूरची नोकरी सोडून तो परत आला आणि एका जुन्या मालवाहू व्हॅनमध्ये त्याने पलंग, ओटा, खिडक्या बसवल्या. जंगल पाहायला येणाऱ्यांना गाडीतच झोपता यावं, असा त्याचा बेत होता. पौषातली इथली थंडी हाडात शिरते, म्हणून त्याने डिझेलवर चालणारा हीटर मागवला.

तो बसवायला लच्छू आला. पलीकडच्या जंगलगावचा, प्रफुलचा शाळेपासूनचा सोबती, गाड्यांची कामं करणारा. पलंगाखालच्या पत्र्याला त्यांनी भोकं पाडली. आग बंद डब्यात जळणार, तिचा धूर नळीतून गाडीखाली जाणार आणि आत येणार ती फक्त गरम हवा, पलंगाच्या फळीतल्या गोल जाळीतून. भोकांच्या कडा लच्छूने लांबीचा लगदा भरून बुजवल्या आणि बोट फिरवून पुन्हा पाहिल्या.

"नीट भर बे. पाहुणे मेले तं तुह्या आंगणात नेऊन टाकीन," प्रफुल म्हणाला.

"माह्या आंगणात कायले? पहिले तूच झोपून पाय ना."

"झोपतोच."

नवी चूल उपाशी पेटवू नये, पहिला घास तिचा, हा माझ्या सासरचा नेम. रोजच्या चुलीलाही मी तो चुकवत नाही. तेव्हा वाटीत थोडा भात आणि वर तुपाचा थेंब घेऊन मी गाडीत चढले. हीटर सुरू होता. आग कुठे दिसेना, जाळीतून ऊब मात्र येत होती. मी जाळीला हळदकुंकू लावलं, हात जोडले आणि घास आत सारला.

प्रफुल हसला. "आई, ते तोंड नोहे त्याचं. तिथून हवा येते नुसती. आग खाली हाय."

घास काढून घ्यावा म्हणून मी जाळीत बोट घातलं. आत काही नव्हतं. बोटाला तूपसुद्धा लागलं नाही.

"घरंगळला असंल, बाई," लच्छू म्हणाला. पण खाली वाकून त्याने पाहिलं, तेव्हा त्यालाही शीत सापडलं नाही.

प्रफुल त्या रात्री गाडीत झोपला. पहाटे आंघोळ आणि तुळशीची पूजा झाली की मी उदबत्ती घेऊन प्रत्येक दाराला ओवाळते, तशी गाडीपाशी गेले. आत छान ऊब होती. विषारी हवा ओळखणाऱ्या यंत्राचा हिरवा दिवा लागलेला होता. मी उदबत्ती पुढे केली. धूर जाळीकडे वळला, आत गेला. थांबला. मग तसाच बाहेर आला.

मी पुन्हा पाहिलं. आत. बाहेर. घाई नव्हती त्याला.

उठल्यावर प्रफुलला सांगितलं. तो म्हणाला, "पंखा एकाच बाजूनं फिरते, आई. हवा बाहेरच फेकते. तुले भास झाला."

तरी त्याने लच्छूला बोलावलं. लच्छूने फळी उचलली आणि तसाच बसून राहिला.

"प्रफुल, बॅटरीची तार तं सुटी हाय."

"काल मीच काढली, फ्यूज बदलायले. जोडाची राहून गेली वाटते." प्रफुलने सुटी तार हातात घेऊन पाहिली. तो रात्रभर उबेत झोपला होता.

लच्छूने डब्याला हात लावला आणि लगेच मागे घेतला. "काढून टाकू."

"उद्या पाहुणे येऊन राह्यले, लहान लेकरू घेऊन. असं अर्धवट समजून कसं झोपवू त्यायले? आज तार सुटीच ठेवतो अन् झोपून पाहतो. मंग तं काई होत नाई ना?"

"मी झोपतो तुह्यासंग."

"काऊन? भेव लागते का तुले एकट्याले?"

लच्छू हसला नाही. प्रफुलने ऐकलं नाही, तेव्हा तो आमच्या ओसरीवरच झोपला. मी देवाला हात जोडले, पण मुलाचा हात धरला नाही.

पहाटे उदबत्ती घेऊन मी गाडीचं दार उघडलं. ऊब होती, ओली, माणसाच्या अंगाची असते तशी. हिरवा दिवा लागलेलाच होता. प्रफुल कुशीवर, तोंड जाळीकडे करून झोपला होता.

त्याची छाती खाली गेली. उदबत्तीचा धूर जाळीत शिरला.

धूर बाहेर आला. त्याची छाती वर आली.

दोघांत मिळून एकच श्वास चालला होता.

मी रामनाम घेतलं आणि जाळीवर तळहात दाबून धरला. जाळी मऊ लागली. प्रफुलची छाती थांबली. ओठ काळे पडू लागले.

हात काढला. छाती हलली.

मग मी त्याला काखेत धरून ओढलं. उंबऱ्याशी तो दगडासारखा जड झाला. मी देवाचं नाव घेत ओढत राहिले. आम्ही दोघं अंगणात पडलो.

"काऊन ओढून राह्यली मले?" त्याने डोळे उघडून विचारलं.

दिवस उगवायच्या आत लच्छूने हीटर काढला आणि भोकांवर पत्रा ठोकला. डबा उघडून त्याने मला दाखवला. आत काजळीचा ठिपका नव्हता. कधी पेटलाच नसावा, असा कोरा होता. नंतर त्याने तो कुठे नेला, मी विचारलं नाही.

पाहुणे ऊन अंगणात यायच्या आधीच आले. मी त्यांच्यासाठी रजया काढून ठेवल्या. प्रफुल अगदी धडधाकट होता. त्यांना व्हॅन दाखवत होता, भरभर बोलत होता. गारठा इतका की पाहुण्यांच्या तोंडून वाफा निघत होत्या, लच्छूच्या, माझ्याही. पाहुण्यांचं लेकरू आपल्याच तोंडची वाफ मुठीत धरू पाहत होतं. प्रफुलने हसत हसत त्याला कडेवर घेतलं.

लेकराने त्याच्या तोंडासमोर हात नेला, मूठ मिटली, उघडली आणि वाट पाहत राहिलं.

तिथे वाफच नव्हती.