पळसाच्या पानातला तुकडा

होळी होऊन चार दिवस झाले होते. माझी तपासणीची बाटली दुसऱ्या दिवशी वापीच्या लॅबमध्ये पोचवायची, एवढंच काम होतं. लाहूकाका, म्हणजे माझे चुलत सासरे, म्हणाले, "मी नेतो, कविता. सकाळी तलासरीचं भाडं आहेच, तसाच पुढे जाईन." त्यांची इको गाडी आहे, डहाणू-तलासरी शिटा भरतात.

बाटली मी फळीवर ठेवली होती. बोटाएवढी बाटली, आत नाकाला झोंबणारं औषधाचं पाणी, आणि पाण्यात माझ्या गर्भपिशवीच्या तोंडाचा तांदळाएवढा तुकडा. किती दिवस अंगावरून जात होतं, मध्येच लाल. गोळ्या खाऊन काही होईना. शेवटी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ही नेहमीची सूज वाटत नाही, तुकडा तपासायला हवा. तेव्हापासून माझी तान्ही प्रगती मांडीवर दूध पीत असली तरी माझे डोळे फळीकडेच. मला काही झालं तर हिचं कसं, एवढंच डोक्यात.

रात्री आमच्या सरावली गावात लाईट गेली म्हणून आम्ही ओट्यावर बसलो. मी, नणंद दक्षा, सासूबाई आणि काका. सासूबाई म्हणाल्या, "अंगाचा तुकडा असा बाटलीत घालून गावोगाव फिरवायचा? नाळ पुरतो तसा अंगणात पुरावा. मातीचं मातीला."

काकांनी बिडी विझवली.

"वहिनी, हे परत बोलू नका. या बोलण्यानं एक बाई गेली. गंजाडची. नविनला विचारा, ज्याच्याकडून मी ही गाडी घेतली."

दक्षा हसली. "काका, आता भूत काढणार वाटतं."

"हस तू. नविन आणि मी घोलवडला चिकूचे खोके भरायचो. पोरगा खोटं बोलणारा नाय."

मग त्यांनी सांगितलं ते असं.

नविनच्या शेजारी मुकेश राहायचा. त्याची बायको संगिता. पंचवीस-सव्वीसची. एक पोरगी, चिमी. संगिताला माझ्यासारखंच अंगावरून जायचं. संध्याकाळी बारीक ताप, रात्री घाम, पोलकं खांद्यावरून उतरायला लागलेलं. नविननंच तिला गाडीत घालून मोठ्या डॉक्टरणीकडे नेलं. त्या बाईनं तपासून सांगितलं, "पिशवीच्या तोंडाला जखम आहे. दिसायला कॅन्सर दिसतो. पण हा ताप, हा घाम... टीबी पण असू शकते."

मुकेश म्हणाला, "टीबी छातीत होते ना बाई?"

"तिथेही होते, क्वचित. डोळ्यांनी फरक कळत नाही. तुकडा तपासल्याशिवाय मी काही बोलणार नाही. टीबी निघाली तर गोळ्यांनी बरी होईल."

तुकडा काढला, बाटलीत घातला. संगिता नविनला म्हणाली, "नविनदादा, तुमच्या हातानं पोचवा. दुसऱ्या कोणाला देऊ नका."

"पोचवतो वहिनी."

पण ती एक रात्र बाटली घरात राहिली. मुकेशची आई बायजी उठली. वाईट बाई नव्हती हो. सुनेवर जीव होता तिचा. अंगातलं काही परगावी गेलं तर सून पण जाईल, ही भीती. तिनं तुकडा काढला, पळसाच्या पानात गुंडाळला आणि चिमीची नाळ पुरलेली, तिथेच अंगणात पुरला. बाटली रिकामी दिसू नये म्हणून आत कोंबडीच्या मांसाचा बारका कण टाकला.

नविननं ती बाटली वापीला पोचवली.

लॅबनं कळवलं, हे माणसाचं नाही.

मुकेश आईवर ओरडला. बायजी रडली, सगळं कबूल केलं. डॉक्टरीण म्हणाली, पुन्हा या, पुन्हा काढू. पण तेवढ्यात पाऊस लागला. मुकेश म्हणाला, लावणी होऊ दे. लावणी झाली, मग भगताचे अंगारे झाले, मग नवरात्र. संगिता खाटेवरून रोज एकच विचारायची, "मला नक्की काय झालंय?"

दिवाळीच्या आधी गेली. काय झालं होतं, कोणालाच कळलं नाही.

काकांनी विझवलेली बिडी परत पेटवली. दक्षा आता हसत नव्हती.

"सन चोवीस. एक डिसेंबर, रविवार, अमावास्या. नविन तलासरीला लग्नाची माणसं सोडून रात्री रिकामा परत येत होता. गंजाडच्या अलीकडे पळसाची झाडं आहेत, तिथे एका बाईनं हात केला. डोक्यावर पदर. बसली मागे. नविननं विचारलं, कुठं जायचं? ...काही नाही. थोडं पुढे गेल्यावर गाडीत वास यायला लागला. ते औषधाचं पाणी. झोंबणारं."

काका माझ्याकडे बघत नव्हते.

"मागून आवाज आला. नविनदादा, पोचवली ना?"

"मग?" दक्षानं विचारलं.

"त्यानं आवाज ओळखला. पाय ब्रेकवर गेला. पण मान वळेना. म्हणाला, पोचवली वहिनी... आईशपथ पोचवली.

"मग काय झालेलं मला?

"नविननं डोळे मिटून घेतले.

"सांगा ना दादा.



"खूप वेळानं त्यानं मागे बघितलं. दार बंद. सीट रिकामी. सीटवर पळसाच्या पानाची पुडी. वर लाल माती. पान हिरवं."

नविन सकाळीच पुडी घेऊन लॅबला गेला. तिथली मॅडम त्याच्यावर खेकसली, "असं पानात आणतात? शिकलात की नाही काही?" मग आत बघून म्हणाली, "कालच काढलाय ना? ताजा आहे." आठवड्यानं तिचा फोन आला. टीबी आहे. घाबरू नका, औषधं चालू करा. पेशंटला लगेच घेऊन या.

"नविन काय म्हणाला?" मी विचारलं.

"फोन ठेवला. गाडी मला देऊन टाकली."

सासूबाई पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. मी आत जाऊन काडी पेटवून बघितलं. बाटली फळीवर होती. प्रगतीला पोटाशी धरून पडले, पहाटे कधीतरी डोळा लागला.

सकाळी फळीवर बाटली नव्हती.

मी सासूबाईंच्या अंगावर धावले. त्यांनी प्रगतीच्या डोक्यावर हात ठेवला. "नाय गं, पोरी. मी हात नाय लावला." काकांनी इकोचं लॉक उघडलं. किल्ली रात्रभर त्यांच्या खिशात होती.

मागच्या सीटवर बाटली उभी होती. झाकण घट्ट. आत तुकडा तसाच. खाली घडी घातलेलं पळसाचं पान, हिरवंगार, मातीनं भरलेलं.

होळीच्या दिवसांत पळसाला फुलं असतात. पान एक नसतं.

काका बाटली घेऊन गेले. रिपोर्ट अजून आलेला नाही. फोन वाजला की प्रगतीला खाली ठेवून धावते. पान टाकायची हिंमत झाली नाही, मी ते फळीवर ठेवलंय. रोज उठून आधी तेच बघते.

अजून सुकलेलं नाही.