आवाज न करणारी मॅट

तुम्ही तंबूत झोपायची मॅट घ्यायला निघालात म्हणून सांगते, एरवी हा विषय मी स्वतःहून काढत नाही. घाबरवायचा हेतू नाही. फक्त तो दिवा राहू द्या चालू.

माझं काम कान तपासण्याचं. दवाखान्याच्या मागच्या अंगाला जाड भिंतींची एक खोली आहे, तिथे बाहेरचा आवाज शिरत नाही. पेशंट आत बसतो आणि वायरला जोडलेलं बटण हातात धरतो. मी काचेच्या अलीकडे मशीनपाशी बसून बारीक बारीक आवाज सोडते. ऐकू आला की तो बटण दाबतो, आणि माझ्यासमोर एक छोटा हिरवा दिवा लागतो. दिवसभर हेच. त्यामुळे शांततेचं मला भय नाही, माझं पोटच तिच्यावर चालतं.

नवरा आणि मी लग्नाच्या आधीपासून डोंगरात चालतो, पाठीवर बिऱ्हाड घेऊन, दिवसच्या दिवस. मागच्या वर्षी त्याला फिट आली. स्वयंपाकघरात उभा होता, हातात पातेलं. त्यानंतर आणखी दोनदा आली. डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या आणि कारणही शोधलं: झोप पुरी होत नव्हती. टाचणी पडली तरी जागा होणारा माणूस! गोळ्यांनी फिट आटोक्यात आली, पण घरात बसून बसून तो पार सुकून गेला. डोंगराचं नाव काढलं की नुसता खिडकीबाहेर बघायचा. शेवटी डॉक्टरच म्हणाले, "चाला खुशाल. पण झोप मोडता कामा नये. लागोपाठ जागरणं झाली आणि तिकडे वर फिट आली, तर तिथे मी नसेन."

म्हणून मॅटची शोधाशोध. आमच्या जुन्या फुगवायच्या मॅटा वजनाला हलक्या, पण थंडी लागू नये म्हणून त्यांच्या आत एक चकचकीत पापुद्रा असतो. कूस बदलली की वेफर्सचं पाकीट चुरगळल्यासारखा आवाज. माझ्या कुशीने तो जागा व्हायचा, त्याच्या कुशीने मी. सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "घरात चांगल्या गाद्या टाकून रबराच्या पिशवीवर लोळायला जायचं. हौसेला मोल नसतं म्हणतात, अक्कलही नसते."

दुकानदार मूळचा चालणारा, गुडघे गेले म्हणून गल्ल्यावर बसलेला. त्याने सगळं ऐकून विचारलं, "हलकी हवी की मुकी?"

"दोन्ही."

"दोन्ही म्हणजे..." तो जरा घुटमळला. "एक आहे. परत आलेली, पिशवीबिशवी नाही. घरी नेऊन बघा, नाही आवडली तर आणून द्या."

त्याने आणखी दोन दिल्या. एक घडीची फोमची, एक फुगवायची.

दवाखान्याच्या सुट्टीच्या दिवशी दुपारी आम्ही तिन्ही मॅटा घेऊन तिथे गेलो. घरी शेजाऱ्यांचा टीव्ही, पंखा, नळ. तिथे तपासून काय कळणार? त्या खोलीत मॅट जेमतेम मावली. ठरवलं असं, की नवऱ्याने हातात बटण धरून पडायचं, या कुशीवरून त्या कुशीवर व्हायचं, आणि कानाला खटकणारा आवाज आला की दाबायचं.

फोमच्या मॅटवर दिवा लागला नाही. पण थोड्याच वेळात तो कंबर धरून उठला. "आवाज नाही, पण हाडं मोजून घेते ही!" दुसरीवर दिवा विझेचना. दोघंही हसत सुटलो. मग तिसरी, ती परत आलेली. तो डावीकडे वळला, उजवीकडे वळला, पालथा झाला, मुद्दाम पाय झाडले. दिवा गप्प.

"मिळाली," त्याचा आवाज माझ्या बाजूच्या स्पीकरवर आला. बटण त्याने भिंतीवरच्या हुकाला अडकवलं. "आतला दिवा घालव गं. जरा पडतो."

मी आतला दिवा घालवला. माझ्यापाशी टेबलावरचा दिवा होता तेवढाच. मशीन बंद करायची राहिली होती. स्पीकरवर त्याचा श्वास ऐकू येत होता. तो हळूहळू लांबत गेला. वर्षभरात इतक्या पटकन त्याला झोप लागलेली मी पाहिली नव्हती. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मग हिरवा दिवा लागला.

"चावटपणा पुरे," मी माइकमध्ये म्हटलं. श्वास तसाच. थोड्या वेळाने पुन्हा दिवा लागला. मी आतला दिवा लावला. तो गाढ झोपला होता. बटण हुकावर, वायर लोंबकळत, जराही हलत नव्हती. माझ्या डोळ्यांसमोर त्याने कूस बदलली, आणि दिवा लागला.

आम्हाला ऐकू न येणारा आवाज कुणाला तरी येत होता.

वायर सैल झाली असेल, हे माझ्याही मनात आलं. खात्री करण्याची एकच रीत मला येते. मी खोलीत एक बारीक आवाज सोडला. दिवा लागला. थांबले, नाही लागला. ऐकू न येताच अंदाजाने बटण दाबणारे काही पेशंट येतात, त्यांना पकडायला आम्ही मध्येच बराच वेळ थांबतो, मध्येच दोन आवाज लागोपाठ देतो. तसं केलं. एकदाही चूक झाली नाही. मग आवाज कमी करत गेले. लहान मुलांनाही ऐकू येत नाही तिथपर्यंत आले, त्याच्या खाली गेले, मशीनच्या तळाशी टेकले. दिवा लागत राहिला.

आणि सवयीने माझ्या तोंडून गेलं, "येतंय ना ऐकू?"

दिवा लागला. आणि तसाच राहिला.

मी दार उघडून नवऱ्याला हलवलं. खोलीत वास होता, नुकतंच झोपेतून उठलेल्या माणसाच्या तोंडाला येतो तसला, कोमट. नवऱ्याचा नव्हता. त्याचा मला ठाऊक आहे. तो डोळे चोळत म्हणाला, "कशाला उठवलंस? अशी झोप कधी लागली होती, आठवतही नाही."

त्याला मी काही सांगितलं नाही. मॅटची झडप उघडून तिच्यावर गुडघा टेकला. हवा सरळ गेली नाही. थांबून थांबून जात होती, एका लयीत. मध्ये मी गुडघा उचलला, तरी लय तीच राहिली.

घरी येऊन दुकानात फोन केला. "ती मॅट परत कुणी केली होती?"

"एका बाईंनी."

"तक्रार काय होती?"

"काहीच नाही हो. झोप छान लागते म्हणाल्या. पण घरात नको म्हणाल्या."

मी तिन्ही परत करून टाकल्या. नवरा रुसला, पण मी बधले नाही. दुसऱ्या दुकानातून दोन फोमच्या आणल्या आणि सवय व्हावी म्हणून गच्चीवर तंबू लावला. त्याला झोप आली नाही. दुसऱ्या रात्रीही नाही. सकाळी चहा पिताना त्याचा हात ताडकन उडाला, कप फरशीवर फुटला. फिट आली नाही, पण उंबऱ्यापर्यंत येऊन गेली. तो तुकडे गोळा करत म्हणाला, "जाऊ दे. नको आपल्याला डोंगर." आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

त्याच दिवशी मी जाऊन ती मॅट विकत आणली. वास आधीच्या माणसाने फुंकलेल्या हवेचा, मशीनची वायर जुनी, असं काहीबाही स्वतःला पटवलं. दुसऱ्याला शहाणपण सांगायला मलाही येतं.

मग डोंगरात निघालो आणि पहिला मुक्काम एका सपाटीवर केला. वारा पडला होता. मी दमले होते, लगेच झोपले. सकाळी जाग आली तेव्हा नवरा तंबूच्या तोंडाशी बसून बुटाच्या नाड्या बांधत होता. डोळे स्वच्छ, हात स्थिर. शीळ घालत होता.

"रात्री थोपटत होतीस ना," तो म्हणाला, "फार बरं वाटलं. कुशीवर असलो की काही नाही, पण उताणा झालो की पाठीवर हळूहळू... लहानपणी आई थोपटायची तसं."

उताणा झालो की पाठीवर. तो बोलून गेला, त्याच्या ध्यानात आलं नाही.

खरं सांगितलं असतं, तर त्याने पुन्हा डोळा मिटला नसता, आणि गाव अजून फार लांब होतं. दोन जागरणं पुरली असती.

"हो," मी म्हटलं. "मीच."

"आजही थोपट."

त्या रात्री मी दोन्ही हात स्लीपिंग बॅगच्या आत घेतले आणि चेन गळ्यापर्यंत ओढली. मला भीती वाटत होती. ओल्या मातीचा वास येत होता, आणि त्याच्या खालून तो दुसरा, कोमट वास. नवरा बराच वेळ कुशीवर होता. मग तो उताणा झाला. मॅट वाजली नाही. आत कुठेतरी, अगदी हलकं, थोपटल्यासारखं काहीतरी सुरू झालं. माझे कान तयार आहेत म्हणून मला ऐकू आलं असेल. मी हललेही नाही.

नवरा झोपेत समाधानाने हसला. "जरा वर..." तो पुटपुटला. "हां. तिथेच."