हॅवलॉकचा पाहुणा

यज्ञेशला माणसांना घरी बोलवायची खोडच होती. उल्हासनगर कॅम्प एकमधला पडद्यांचा दुकानदार असो की वांगणीच्या फार्महाऊसवर भेटलेला कुणाचा तरी मेहुणा, निघताना हा वळणार आणि म्हणणार, "अंबरनाथला या कधी. शिवमंदिराच्या रस्त्याला, कुणालाही विचारा." आणि माणसं खरोखर यायची! चहा मात्र बायकोनं, प्रीतीनं टाकायचा. सासूबाई, म्हणजे माई, लेकाच्याही वरताण. मोतीबिंदूमुळे दिसायचं कमी, पण दारात पाऊल वाजलं की पाण्याचा पेला तयार. आलेल्याला जा म्हणायचं नाही आणि त्यानं उलट बोलावलं तर नाही म्हणायचं नाही, हा त्या घरचा कायदा.

दोन हजार आठच्या दिवाळीत माईंना बहिणीकडे बदलापूरला ठेवून तिघं अंदमानला गेली. हॅवलॉकच्या किनाऱ्यावर यज्ञेशला स्कूबा डायव्हिंगची हुक्की आली. सात वर्षांच्या लेकीनं, ओवीनं "मला पण" म्हणून वाळूत लोळण घेतली, पण लहान मुलांना खाली नेत नव्हते. प्रीतीला तेच हवं होतं. आनंदनगर एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत ती दिवसभर पाणीच तपासायची, आणि पाणी बाटलीत असलेलंच तिला बरं वाटायचं. तिनं ओवीचा हात घट्ट धरून ठेवला.

प्रशिक्षकानं यज्ञेशच्या पाठीवर टाकी बांधली, तोंडात नळी दिली आणि हिंदीत समजावलं, की मी मागून टाकी धरून राहीन, तुम्ही फक्त शांतपणे श्वास घ्या. दोघं खाली गेले. बराच वेळ पाण्यावर नुसते बुडबुडे येत राहिले.

वर आला तेव्हा यज्ञेश भलताच खुशीत होता. "मस्त! और वो आगेवाले भाईसाब ने पूरा टाइम मेरा हाथ पकड़ा था. एकदम ठंडा हाथ."

प्रशिक्षक पट्टे सोडता सोडता थांबला. "आगे कोई नहीं था, सर. मैं पीछे था. दोनों हाथ टंकी पे."

यज्ञेशला ती थट्टा वाटली. वाळूवर आल्यावर त्यानं समुद्राकडे वळून हात हलवला आणि सवयीनं म्हणाला, "थँक्यू हो! अंबरनाथला या कधी. आमची ओवीही भेटेल, फार मागे लागलीय ती."

प्रशिक्षकाला मराठी येत नव्हतं. "किसको बुलाया, सर?" एवढंच त्यानं विचारलं. पुढची मंडळी रांगेत उभी होती, त्यांना त्यानं परत पाठवलं आणि सामान आवरायला घेतलं.

घरी आल्यावर आठवडा बरा गेला. मग एका संध्याकाळी दारातलं पायपुसणं ओलं लागलं. दुसऱ्या दिवशी सोफ्याचा कोपरा ओला होता, पाहुणे बसतात तोच. प्रीतीनं आधी ओवीला रागावून घेतलं, मग वरच्या मजल्यावरच्या मोतीबाईंना पाइप बघायला लावला. पाइप ठणठणीत होता.

एकदा ती कामावरून आली तर टीपॉयवर पाण्याचा पेला. भरलेला, कुणी तोंड न लावलेला.

"कोण आलं होतं, माई?"

"यज्ञेशचे कुणी आहेत बाई. येतात रोज, बसतात. बोलणं काही नाही. पाणी तेवढं घेत नाहीत."

प्रीतीनं सोफ्यापाशी फरशीवर साचलेलं थारोळं एका बाटलीत टिपून घेतलं आणि सकाळी प्रयोगशाळेत त्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब सोडला. नळाच्या पाण्यात तो जेमतेम धूसर होतो. यात दह्यासारखं पांढरं साखळलं. मीठ, भरपूर मीठ. अंबरनाथमध्ये समुद्र कुठून येणार? तिनं बाटली तीनदा धुतली आणि कुणाला काही सांगितलं नाही.

यज्ञेश बदलत चालला होता. त्याचा उजवा हात सदा गार असायचा, बोटांची टोकं खूप वेळ कपडे धुतल्यासारखी सुरकुतलेली. झोपेत तो लांब श्वास ओढायचा, थांबायचा, आणि प्रीती त्याच्या छातीवर हात ठेवून पुढच्या श्वासाची वाट बघायची. तो हात पलंगाबाहेर लोंबत असायचा, कुणीतरी धरल्यासारखा.

शेवटी तिला राहवेना. "त्याला जायला सांग, यज्ञेश. मला भीती वाटते. घरात लहान पोर आहे."

तो सोफ्याच्या कोपऱ्याकडे बघत राहिला. "मीच बोलावलंय ना गं. आता तोंडावर कसं सांगू?"

त्या रविवारी प्रीती ओवीला घेऊन उल्हासनगरला, कॅम्प एकच्या बाजारात गेली. घरात थांबवत नव्हतं, हेच खरं कारण. परतताना त्यांच्या जिन्यात ओवी मागे रेंगाळली.

"आई, बाजूला हो ना. कुणीतरी उतरतंय."

जिना रिकामा होता. पायऱ्या ओल्या होत्या.

प्रीती धावत वर गेली. पायपुसणं कोरडं. सोफा कोरडा. यज्ञेश दिवाणावर उठून बसला होता, खूप दिवसांनी टवटवीत. तिनं त्याचा उजवा हात धरला. उबदार होता. बोटं गुळगुळीत. तिला रडूच फुटलं.

"गेले हो पाहुणे," माई समाधानानं म्हणाल्या. "आज पहिल्यांदा बोलले. आमच्याकडे या म्हणून फार आग्रह केला."

"तुम्ही काय म्हणालात?"

"नाही कसं म्हणणार? म्हटलं, यज्ञेशला रजा नाही, सुनेला कामावर जायचं असतं. ते म्हणाले, मग मुलीला पाठवा, तिची फार इच्छा आहे. म्हटलं, न्या."

प्रीती वळली.

ओवी दारात उभी होती. डाव्या हातानं ती सँडलचा पट्टा सोडत होती, एका पायावर, तोल न जाता. उजवा हात खांद्याच्या वर उचललेला होता, मोठ्या माणसाचं बोट धरल्यासारखा.

"ओवी, इकडे ये. हात दे मला."

"थांब ना," ओवी म्हणाली. "त्यांनी सोडला की देते."

तिच्या कोपरावरून पायपुसण्यावर पाणी ठिबकत होतं.